आधी यादी, मग उड्डाण

घरच्या संगणकावरही मोठे प्रवासी विमान सुरू करण्याचा सराव करता येतो. हा सराव करताना एका मुलीला काय शिकायला मिळाले, ते या पाठात तिनेच सांगितले आहे. विमानातील यंत्रणा कोणत्या क्रमाने सुरू होतात व तो क्रम का पाळायचा, हेही या पाठातून समजते.

ईदच्या सुट्टीत मी अंबाजोगाईहून बीडला मामूंकडे गेले होते. मामूंचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी एक गंमत तयार केली आहे. जुन्या टेबलावर तीन पडदे, मधोमध विमानाचे सुकाणू, खाली दोन पेडल आणि समोर बसमधली एक जुनी खुर्ची!

"हे काय आहे, मामू?" मी विचारले.

"हे कॉकपिट आहे, बेटा. कॉकपिट म्हणजे वैमानिकांची बसण्याची जागा. हे विमान संगणकावर चालते. अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. यात सगळे खऱ्या विमानासारखे घडते. फक्त आपण जमीन सोडत नाही."

मी लगेच खुर्चीत बसले. पडद्यावर बोइंग ७३७ विमानाचे कॉकपिट दिसत होते. मी इंजिनांचे दोन्ही दांडे पुढे ढकलले. काहीच झाले नाही. सगळे काटे निजलेले, सगळे दिवे विझलेले.

"मामू, तुमचे विमान बिघडले आहे!"

मामू हसले. "बिघडले नाही, झोपले आहे. त्याला क्रमाने उठवावे लागते. तुझे अब्बा सकाळी ट्रक काढतात, तेव्हा आधी काय करतात?"

मला अब्बा आठवले. ते हातोडीने प्रत्येक टायर ठोकून पाहतात. मग पाणी पाहतात, तेल पाहतात, दिवे लावून पाहतात. त्यानंतरच किल्ली फिरवतात.

"विमानाचेही तसेच," मामू म्हणाले. "आता डोक्यावर बघ."

डोक्यावरच्या फळीवर इतके स्विच होते, की मला मोजताही येईनात. मामूंनी एका झाकण असलेल्या स्विचवर बोट ठेवले. "ही बॅटरी. सुरुवात इथून." मी स्विच लावला. काही दिवे पेटले.

"आता इंजिन सुरू करू?"

"थांब. बॅटरी लहान असते. एवढे मोठे इंजिन तिच्या जोरावर फिरणार नाही. आपल्याकडे वीज गेली, की दुकानदार काय करतात?"

"जनरेटर लावतात."

"बरोबर. या विमानाच्या शेपटीत एक लहान इंजिन असते. त्याला एपीयू म्हणतात. तो विमानाचा जनरेटर समज. बॅटरी एपीयूला सुरू करते. एपीयू विमानाला वीज देतो आणि जोराची हवाही देतो. ती हवा पुढे कामाला येणार आहे."

मी एपीयू सुरू केला. थोड्या वेळाने त्याची वीज जोडली. एकदम सगळे पडदे उजळले. मला फार आनंद झाला. पण मामू घाई करू देईनात. त्यांनी आणखी दोन स्विच फिरवायला सांगितले.

"विमान कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, किती कललेले आहे, हे सांगणारी ही यंत्रणा आहे. तिला जुळून यायला काही मिनिटे लागतात. तोपर्यंत विमान हलवायचे नाही. किराणा दुकानातला वजनकाटा आठव. काटा शून्यावर स्थिर झाल्याशिवाय त्यावर साखर ठेवली, तर वजन चुकते. इथे दिशा चुकते."

आम्ही थांबलो. मामींनी चहा आणला. चहा पिता पिता मामूंनी सिम्युलेटरची गोष्ट सांगितली.

"अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन हे वाद्य बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवेचे भाते असतात. लिंकने त्याच भात्यांवर एक लहानसे लाकडी विमान बसवले. भात्यांत हवा कमीजास्त झाली, की ते विमान डुलायचे, कलायचे. हे १९२९ साल होते. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजले. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याने तीच यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यांवर शिकले. आज प्रवासी विमानांचे वैमानिकही ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये परीक्षा देतात. त्यांचे यंत्र मोठ्या खोलीएवढे असते आणि खरोखर हलते. आपले आहे ते गरिबाचे."

तेवढ्यात यंत्रणा जुळली. मी इंधनाचे पंप लावले. मामू म्हणाले, "आता इंजिन. पण आधी एसीची हवा बंद कर. एपीयूची सगळी हवा इंजिनाला हवी."

मी उजव्या इंजिनाची कळ फिरवली. काटा हळूहळू वर जाऊ लागला. मला वाटले, इंजिन सुरू झाले.

"अजून नाही," मामू म्हणाले. "तू नानांच्या मळ्यातले डिझेल इंजिन पाहिले होतेस ना? नाना आधी हँडल मारून चाक फिरवायचे. चाकाने वेग घेतला, की मग ते इंजिन पेट घ्यायचे. इथे हँडल मारायला माणूस नाही; एपीयूची हवा ते काम करते. काट्यावर २५ टक्के दिसले, की इंधन सोडायचे. त्याआधी सोडले, तर इंजिनात पुरेशी हवा नसते. आग भडकते, उष्णता वाढते आणि इंजिन खराब होते."

काटा २५ वर आला. मी इंधनाचा खटका वर केला. घर्रर्र असा आवाज झाला. मी उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवली. काटा वर चढला, थांबला आणि खाली येऊन स्थिर झाला. दुसरे इंजिनही तसेच सुरू केले. मग दोन्ही इंजिनांची वीज जोडली आणि एपीयू बंद केला.

मामूंनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. "ही तपासयादी. आता मी वाचतो, तू बघून उत्तर दे."

"पण मामू, आताच तर सगळे केले. मला पाठ आहे."

"पाठ असते, तिथेच माणूस चुकतो. १९३५ साली अमेरिकेत बोइंगच्या एका नव्या मोठ्या विमानाची चाचणी होती. वैमानिक अनुभवी होते. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीची पाती हलू नयेत, म्हणून एक कडी लावलेली होती. ती काढायची राहून गेली. विमान वर गेले आणि कोसळले. दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर वैमानिकांनी ठरवले, की आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही, यादी वाचायची."

मी मुकाट्याने यादी ऐकू लागले. "पंखांची पाती?" मामूंनी विचारले. मी पाहिले. ती खाली करायचीच राहिली होती! मी जीभ चावली. ती पाती खाली केली, तरच कमी वेगात विमान उचलले जाते.

शेवटी विमान धावपट्टीवर आले. "हा कोणता विमानतळ आहे?" मी विचारले.

"चिकलठाणा. आपले छत्रपती संभाजीनगर. आता नीट ऐक. विमान धावू लागले, की मी वेग सांगेन. एक वेग असा असतो, की त्यानंतर थांबायचे नाही. मग मी 'उचल' म्हणेन. तेव्हा सुकाणू ओढायचे. आधी नाही, नंतर नाही. झटका द्यायचा नाही, ढिलाई करायची नाही."

विमान धावू लागले. धावपट्टी भरभर मागे जात होती. वेग १४० नॉट झाला. म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर. मी दोन्ही बाजूंची शेते पाहण्यात रमले. "उचल!" मामू म्हणाले. माझे हात उशिरा हलले. नाक वर यायच्या आतच धावपट्टी संपली. पडदा काळा झाला.

मी खो खो हसले. "मामू, आपण पडलो!"

मामू हसले नाहीत. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, हे इथे खरोखर घडले आहे. २६ एप्रिल १९९३. मी तेव्हा सातवीत होतो. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आले होते. ते मुंबईला निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान वेळेवर उचलले गेले नाही. त्याचे चाक आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढे ते विजेच्या तारांत अडकून कोसळले. ५५ माणसे गेली. ६३ वाचली."

खोलीत शांतता पसरली. बीडचा रस्ता! अब्बा त्याच बाजूला कापसाच्या गाठी घेऊन जातात. माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा ट्रक उभा राहिला.

"चूक कोणाची होती?" मी हळूच विचारले.

"चौकशीत दोन कारणे सांगितली गेली. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले, हे एक. विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, हे दुसरे. एक चूक आकाशाची, एक चूक जमिनीची. दोन्हींपैकी एक जरी झाली नसती, तरी कदाचित ती माणसे घरी पोहोचली असती."

मी पडद्याकडे पाहिले. "मामू, पुन्हा करू?"

"त्यासाठीच तर हे यंत्र आहे. इथे चूक करायला परवानगी आहे. पण चूक झाल्यावर हसून सोडायचे नाही. ती का झाली, ते शोधायचे."

मी पुन्हा बॅटरीपासून सुरुवात केली. या वेळी यादी मीच मागितली. विमान धावपट्टीवर आले. मी शेतांकडे पाहिले नाही. मामूंनी 'उचल' म्हणताच मी सुकाणू एकसारखे ओढले. नाक वर आले. जमीन खाली गेली. तो रस्ता पायाखालून हळूच सरकला. त्यावर एक लहानसा ट्रक दिसल्याचा मला भास झाला.

तिसऱ्या दिवशी अब्बा मला न्यायला आले. निघताना ते हातोडी घेऊन टायर ठोकू लागले. एरवी मी कंटाळून केबिनमध्ये जाऊन बसते. त्या दिवशी मी त्यांच्यामागे गेले.

"अब्बा, पाणी?"

"पाहिले."

"तेल?"

"पाहिले."

"मागचे दिवे?"

अब्बा थांबले. त्यांनी मागे जाऊन पाहिले. डावा दिवा लागत नव्हता. त्यांनी दिवा बदलला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हे तुला कोणी शिकवले?"

मी दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या मामूंकडे बोट दाखवले.

शब्दार्थ

सुकाणू – वाहनाची दिशा बदलण्याचे साधन
वैमानिक – विमान चालवणारा
यंत्रणा – एकमेकांशी जोडलेली यंत्रे
भाता – हवा भरून सोडण्याचे साधन
तपासयादी – काय काय तपासायचे, याची यादी
धावपट्टी – विमान जिथून उडते व जिथे उतरते तो लांब सपाट मार्ग
नॉट – विमान व जहाज यांचा वेग मोजण्याचे माप. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर
जीभ चावणे – चूक लक्षात येऊन ओशाळणे
मुकाट्याने – काही न बोलता

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मामूंनी सिम्युलेटर कोठे ठेवले होते?
(२) एपीयू विमानाला कोणत्या दोन गोष्टी देतो?
(३) एडविन लिंकने लाकडी विमान कशावर बसवले?
(४) अब्बांच्या ट्रकचा कोणता दिवा लागत नव्हता?

प्र. २. कारणे लिहा.
(१) यंत्रणा जुळेपर्यंत विमान हलवायचे नसते, कारण ...
(२) काटा २५ टक्क्यांवर येण्याआधी इंधन सोडायचे नसते, कारण ...
(३) मुलगी पडद्याकडे पाहून हसली, पण मामू हसले नाहीत, कारण ...

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) १९९३ च्या अपघाताची कोणती दोन कारणे चौकशीत सांगितली गेली?
(२) "पाठ असते, तिथेच माणूस चुकतो." मामू असे का म्हणाले?

प्र. ४. योग्य क्रम लावा.
इंधन सोडणे – बॅटरी लावणे – तपासयादी वाचणे – एपीयू सुरू करणे – इंजिनाची कळ फिरवणे

प्र. ५. पुढील शब्द उर्दूतही आहेत. ते उर्दूत कसे लिहितात व उच्चारतात, ते सांगा. दोन्ही भाषांतील फरक लक्षात घ्या.
खुर्ची, रस्ता, कागद, हवा, जमीन, दुकान

प्र. ६. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(१) मी यादी वाचते. (भूतकाळ करा.)
(२) दिवा पेटला. (अनेकवचन करा.)
(३) विमान धावू लागले. (भविष्यकाळ करा.)

उपक्रम : तुमच्या घरी रोज वापरात असलेले एखादे यंत्र निवडा, उदा. शिलाई यंत्र, पाण्याची मोटर, गॅसची शेगडी. ते सुरू करण्याआधी काय काय पाहावे, याची पाच मुद्द्यांची तपासयादी मराठीत तयार करा व वर्गात वाचून दाखवा.