माळ्यालाही श्वास हवा

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी माळा आहे? मालेगाव, भिवंडी, मुंबई अशा शहरांत जागा अपुरी पडते. म्हणून खोलीत वरच्या बाजूला फळ्या टाकून पोटमाळा करतात. तेथे गाद्या, पेट्या आणि जादा भांडी ठेवतात. कित्येक घरांत मुले माळ्यावरच अभ्यास करतात आणि रात्री तेथेच झोपतात.

मालेगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. मग पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. वहीवर घामाचे थेंब पडतात. रात्री झोप लागत नाही. लहान बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर अशा उकाड्याने जिवावरचे दुखणे येऊ शकते. म्हणून माळ्यावर हवा खेळती ठेवणे ही चैन नाही, ती गरज आहे.

माळा एवढा का तापतो? याची दोन कारणे आहेत. दिवसभर उन्हाने पत्रा तापतो आणि ती उष्णता खाली फेकतो. हे पहिले कारण. गरम हवा हलकी असते, म्हणून ती वर चढते आणि पत्र्याखाली कोंडून राहते. हे दुसरे कारण. बिर्याणीला दम देताना देगचीचे झाकण कणकेने बंद करतात, ते आठवा. वाफ आत कोंडते आणि भात शिजतो. बिर्याणीसाठी ते चांगले, माणसासाठी नाही!

यावर उपाय सोपा आहे. हवेला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी वाट लागते. येण्याची वाट खाली असावी. जाण्याची वाट वर, अगदी पत्र्याजवळ असावी. वरच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर पडते, तेव्हा तिची जागा घेण्यासाठी खालून ताजी हवा आत येते. दोन्ही वाटा साधारण सारख्या आकाराच्या हव्यात. खिडकी मोठी आणि झरोका टीचभर असेल, तर हवा टीचभरच बाहेर जाईल.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. ते भिंतीत उंचावर रोशनदान ठेवत. हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. धाब्याच्या घरांत छतालाच एक भोक असे. त्याला साणे म्हणत. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई.

आता तुम्ही विचाराल, "आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत. मग आम्ही काय करावे?" अशा वेळी शिडीची जागा कामाला येते. दारातून आलेली हवा शिडीच्या पोकळीतून माळ्यावर चढते. म्हणून त्या पोकळीत पेट्या आणि बोचकी रचू नका. दर्शनी भिंतीत पत्र्याच्या लगत झरोका ठेवला, की हवेचा रस्ता पूर्ण होतो. झरोक्याला बारीक जाळी लावा, म्हणजे डास येणार नाहीत. त्यावर उतरते छज्जे करा, म्हणजे पाऊस आत येणार नाही.

कारखान्यांच्या छपरांवर कांद्याच्या आकाराचे, गरगर फिरणारे पंखे तुम्ही पाहिले असतील. ते वाऱ्यावर फिरतात आणि आतली गरम हवा बाहेर ओढतात. त्यांना वीज लागत नाही. घराच्या पत्र्यावरही असा पंखा बसवता येतो. याउलट, बंद माळ्यावर नुसता साधा पंखा लावला, तर तो तीच गरम हवा फिरवत राहतो.

हवा खेळती झाली, तरी पत्रा तापायचा थांबत नाही. त्यासाठी उन्हाळ्याआधी पत्र्यावर पांढरा चुना किंवा पांढरा रंग लावावा. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबाद शहरात २०१७ साली गरीब वस्त्यांची छपरे अशी पांढरी करण्याची मोहीम सुरू झाली. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी लावावा लागतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. ही कामे मोठ्या माणसांनी, माहीतगार कारागिराकडून करून घ्यावीत. सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका. तो अचानक फुटतो. त्याला भोकही पाडू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ श्वासाबरोबर आत गेली, तर फुप्फुसांचे गंभीर रोग होतात. झरोका भिंतीत काढावा, अशा पत्र्यात नव्हे. विजेच्या तारा लोखंडी पत्र्याला टेकू देऊ नका.

मुलांनो, यातले एक काम तुम्ही आजच करू शकता. माळ्यावरचा पसारा आवरा आणि हवेची वाट मोकळी करा. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

शब्दार्थ
खेळती हवा – सतत ये-जा करणारी हवा
कोंडणे – अडकून राहणे
टीचभर – अगदी लहान
पोकळी – मोकळी जागा
माहीतगार – जाणकार

स्वाध्याय
१. माळा तापण्याची दोन कारणे कोणती?
२. शिडीच्या पोकळीत सामान का ठेवू नये?
३. सिमेंटच्या पत्र्याला भोक का पाडू नये?
४. वाक्यात उपयोग करा : जिवावरचे दुखणे, कामाला येणे.
५. उपक्रम : मोठ्यांच्या देखरेखीखाली झरोक्याजवळ पेटती अगरबत्ती धरा. धूर कोणत्या दिशेने जातो, ते पाहा आणि पाच वाक्ये लिहा.