अभियंत्याचे वाक्य : लेखन-भाषणाच्या अध्यापनाविषयी काही विचार

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लेखन आणि भाषण शिकवावयाचे म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांनी सहसा आपला मानलेला नाही. तो ‘संवादकौशल्य’ या नावाखाली पहिल्या वर्षाच्या एखाद्या अभ्यासपत्रिकेत कोंबला जातो. अर्जलेखन, मुलाखत, गटचर्चा, सभाधीटपणा एवढ्यांवर तिची परिसमाप्ती होते. नोकरी मिळविण्यास हे उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु नोकरी मिळाल्यानंतर अभियंत्याला जी वाक्ये लिहावी लागतात, त्यांचा विचार या अभ्यासक्रमात क्वचितच आढळतो. ही वाक्ये कामाच्या अखेरीस चढवावयाचा मुलामा नसून प्रत्यक्ष कामाचाच भाग होत, आणि म्हणून त्यांचे अध्यापन हे भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांचे काम आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

एका सुपरिचित घटनेपासून आरंभ करू. १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान निघाले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीस परतीच्या प्रवासात यान भंगले आणि कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष वरिष्ठांपुढे पडद्यावर मांडले होते. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्यांतील एका पृष्ठाची स्वतंत्र चिकित्सा केली आहे. त्या पृष्ठाचा मथळा धीर देणारा होता. ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द निरनिराळ्या अभिप्रायांनी पाच वेळा आला होता. निर्णायक गोष्ट मात्र पृष्ठाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, उपमुद्द्याच्याही पोटात होती : ज्या चाचण्यांच्या आधारे अनुमान केले होते, त्यांतील तुकडा ३ घन इंचांचा होता, प्रत्यक्ष तुकड्याचे आकारमान १,९२० घन इंच धरले होते. म्हणजे जवळजवळ ६४० पट.

अपघाताचे भौतिक कारण पंखाला पडलेले भगदाड हे होते, वाक्यरचना नव्हे. हे विसरून चालणार नाही. तथापि धोक्याचे ज्ञान संस्थेत असूनही ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत ज्ञान म्हणून पोहोचले नाही, आणि या न पोहोचण्यात भाषेचा वाटा होता. त्या पृष्ठावर खोटे असे काही नव्हते. जे मुख्य ते गौण स्थानी आणि जे गौण ते मथळ्यात, एवढाच दोष. साहित्याच्या वर्गात आपण मांडणी, भर आणि निवेदकाचा दृष्टिकोन यांविषयी जे बोलतो, त्याचाच हा प्रांत नव्हे काय?

आता मराठीकडे वळू. प्रस्तुत लेखकाने काही काळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अहवाललेखन शिकविले. इंग्रजीत अडखळणारा विद्यार्थी मातृभाषेत आपोआप स्वच्छ लिहील, अशी माझी प्रारंभीची समजूत होती. ती फोल ठरली. बांधकाम पाहून आलेल्या मराठीभाषी विद्यार्थ्यांना मराठीत अहवाल लिहावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांच्या कागदांवर एकाच वळणाची वाक्ये उतरली : ‘स्लॅब टाकण्यात आला. सेंट्रिंग काढण्यात आले. तडे आढळून आले.’ ही त्यांची बोली नव्हे. कचेरीतील परिपत्रकांची भाषा त्यांनी ‘औपचारिक मराठी’ म्हणून उचलली होती.

यातील व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीच्या भूतकाळातील कर्मणी प्रयोगात कर्माला प्राधान्य मिळते, तरी कर्ता नाहीसा होत नाही. ‘गवंड्याने माल ओतला’ या वाक्यात क्रियापद ‘माल’ या कर्मानुसार चालते. गवंडी मात्र तृतीयेत आपल्या जागी उभा असतो. ‘ओतण्यात आला’ म्हणताच तो दृष्टीआड होतो. कोणी ओतला, कोणाच्या देखरेखीखाली ओतला, हे प्रश्न वाक्य स्वतःहून विचारीत नाही. कर्ता खरोखरच अप्रस्तुत असेल तेव्हा ही रचना निर्दोष आहे. परंतु तडा गेलेल्या स्लॅबच्या अहवालात कर्ता अप्रस्तुत कसा असेल?

दुसरी गोष्ट निश्चितीच्या प्रमाणाची. ‘सेंट्रिंग लवकर काढले आहे’, ‘लवकर काढले असावे’, ‘लवकर काढले असेल’ ही तीन वाक्ये समानार्थी नाहीत. पहिल्यात ज्ञान आहे, दुसऱ्यात खुणांवरून केलेले अनुमान, तिसऱ्यात केवळ शक्यता. ‘म्हणे’ हा शब्द जोडला की ऐकीव माहितीचा चौथा स्तर तयार होतो. हिंदीभाषी विद्यार्थी ‘है’ आणि ‘होगा’ यांतील अंतर उत्तम जाणतो, पण मराठीतील ‘असावे’ आणि ‘असेल’ हा भेद त्याला समजावून द्यावा लागतो; आणि तो समजावून देताना मराठी विद्यार्थ्यालाही स्वतःच्या भाषेतील हे सूक्ष्म माप प्रथमच दिसते. बहुभाषी वर्ग ही अडचण नसून तुलनेची संधी आहे, असा माझा अनुभव आहे.

या दोन मुद्द्यांची चर्चा झाल्यावर तोच अहवाल पुन्हा लिहावयास दिला. एका विद्यार्थिनीचा परिच्छेद साधारण असा होता : ‘मी मंगळवारी सकाळी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पाहिला. उत्तरेकडील तुळईजवळ तडा आहे. त्याची लांबी सुमारे दीड मीटर आणि रुंदी अर्धा मिलिमीटर. सेंट्रिंग लवकर काढले असावे. ते कोणत्या तारखेस काढले, हे मुकादमाने अद्याप सांगितलेले नाही. उलगडा होईपर्यंत त्या भागावर वजन ठेवू नये.’ येथे पाहणारा कोण, मोजलेले किती, तर्क कोणता आणि पुढे करावयाचे काय, हे चारही वेगळे झाले आहेत. शैलीचे सौंदर्य म्हणून काही वेगळे त्यात घातलेले नाही. तरीही हे चांगले गद्य आहे.

भाषणाचीही हीच कथा आहे. वर्गात ज्याला ‘क्युरिंग’ म्हणतात त्याला कामावर ‘पाणी मारणे’ म्हणतात. ‘क्युरिंग नीट करा’ एवढे सांगून निघून जाणारा तरुण अभियंता शुद्ध बोलतो, पण काही सांगत नाही. ‘सात दिवस पाणी मारायचं, दुपारीसुद्धा; पोती सुकू द्यायची नाहीत’ असे म्हणणारा मुकादमाला कृती सांगतो, मुदत सांगतो आणि चूक कशी ओळखावी तेही सांगतो. भारत २०१४ साली ज्या वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला, त्यातील पदवीधरांच्या गुणांत व्यवसायबंधूंप्रमाणेच व्यापक समाजाशीही परिणामकारक संवादाची अपेक्षा आहे. आपल्या देशात हा व्यापक समाज इंग्रजीत राहत नाही, हे सांगावयास नको.

हा विचार अगदी नवा आहे असेही नाही. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने देशी भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याचा उपक्रम चालविला आणि त्यासाठी गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. पुढे १८४७ च्या सुमारास शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद पेटला, तेव्हा इंग्रजीचा कैवार घेणाऱ्या अर्स्किन पेरी यांच्याविरुद्ध देशी भाषांची बाजू याच जर्व्हिसने मांडली. पुढे उच्च शिक्षणात इंग्रजीच स्थिरावली. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीची वाट पुन्हा मोकळी केली आहे. पाठ्यपुस्तकांची भाषांतरे होत आहेत, पारिभाषिक कोश हाताशी आहेत. परंतु परिभाषा म्हणजे केवळ नामांची यादी. अभियंत्याची जबाबदारी नामांत नसते. ती क्रियापदांत आणि विभक्तिप्रत्ययांत असते. ही बाजू कोशकार पुरवू शकत नाहीत.

ती कोण पुरविणार? भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी हे काम कनिष्ठ मानून इतरांवर सोपविले, तर नव्या मराठी, तमिळ वा बंगाली अभियंत्याच्या वाट्याला कचेरीचीच भाषा येईल, आणि मातृभाषेतून शिकूनही तो ‘तडे आढळून आले’ एवढेच लिहील. स्लॅबखाली वावरणाऱ्या माणसांच्या दृष्टीने माध्यम बदलल्याचा मग काहीच उपयोग होणार नाही. ज्यांनी आयुष्यभर कर्ता, क्रियापद आणि निवेदकाचा अधिकार यांची चिकित्सा केली, त्यांनी आठवड्यातील दोन तास या वर्गासाठी काढावेत, एवढीच या लेखाची विनंती आहे.