मुलांच्या यकृतातील मेद आणि शाळेचे कार्य

यकृताचा विकार म्हटला की मद्यपी प्रौढाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्याने मद्याचा थेंबही चाखलेला नाही अशा दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या यकृतातही मेद साठू शकतो. यकृताच्या शेकडा ५ हून अधिक पेशींत मेद आढळला म्हणजे हा विकार जडला असे मानतात. तो दुखत नाही, ताप आणीत नाही; म्हणूनच घरच्यांस कळत नाही. वर्षानुवर्षे तसाच राहिल्यास काहींच्या यकृतास सूज येते व पुढे ते कठीण होऊ लागते. त्या अवस्थेतून मागे फिरणे दुर्घट असते. आरंभी मात्र हा मेद ओसरतो.

साखरेचा अर्धा भाग फलशर्करेचा असतो. द्राक्षशर्करा सर्व शरीर वापरते. फलशर्करेचा भार मुख्यत्वे यकृतावर पडतो आणि अतिरिक्त भागाचा तेथे मेद बनतो. गूळ निरुपद्रवी, हा समज या बाबतीत खरा नव्हे. सबंध फळ मात्र खुशाल खाऊ द्यावे. त्यातील तंतूंमुळे शर्करा सावकाश शोषली जाते.

अमेरिकेत हा विकार असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या आहारातील वरून घातलेली साखर ८ आठवडे जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातील मेद सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आला. इतरांचा २१ वरून २० वर. विशेष हे की, आहार त्या मुलापुरता न बदलता सबंध घराचा बदलला होता. तेव्हा हा विषय पालकसभेत, विशेषतः मातांपुढे, मांडल्यावाचून निभाव नाही.

वर्गात हा पाठ गणिताच्या तासाला उत्तम साधतो. शीतपेयाची रिकामी बाटली आणून तिच्यावरील मजकूर मुलांकडूनच वाचवून घ्यावा. १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम साखर असेल, तर ३०० मिलिलिटरमध्ये किती? तेवढी साखर तराजूत तोलून कागदावर ओतावी. ३० ग्रॅमचा तो ढीग, म्हणजे सुमारे सहा चमचे, मुले विसरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. १५०० उष्मांक घेणाऱ्या मुलास ही मर्यादा सुमारे ३७ ग्रॅम पडते. पुढील वजाबाकी मुलेच करतील.

रोज ६० मिनिटे दमवणारा खेळ हवा. परीक्षा जवळ आली की खेळाचाच तास प्रथम कापला जातो, ही रीत सोडावी.

उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. वाढत्या वयात उंची वाढत असता वजन स्थिर राहिले तरी पुष्कळदा लाभ होतो. वर्गासमक्ष कोणाचे वजन करू नये. सडपातळ मुलासही हा विकार होऊ शकतो, हे ध्यानी असावे. एखाद्याच्या मानेवरील त्वचा काळी व जाडसर दिसल्यास तो मळ समजून घासण्यास सांगू नये. शरीरात इन्सुलिनचे कार्य बिघडल्याची ती खूण असू शकते. पालकांस एकान्ती सांगून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास सुचवावे. निदान रक्ततपासणी व सोनोग्राफीच्या आधारे डॉक्टरच करतील.