कुपीतले मानवी प्रथिन रुग्णाला का देत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जाते. तिथल्या फ्रीझरमधल्या एका इवल्याशा कुपीचा फोटो तिने मला दाखवला. लेबलवर ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन पीडी-एल१’ असे नाव होते आणि खाली ‘फक्त संशोधनासाठी’ अशी सूचना होती. माझ्या थोरल्या भावाला फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि त्याच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्येही पीडी-एल१ हेच नाव आहे. हे प्रथिन नेमके काय करते? ते माणसाच्या शरीरातून काढतात का? आणि आजाराशी त्याचा इतका जवळचा संबंध असेल, तर ते भावाला औषध म्हणून का देत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तुमची काळजी तिथे आहे. कुपीतले ते प्रथिन औषध नाही. तुमच्या भावाच्या आजारात ज्या औषधांचा विचार होतो, त्यातली काही तर या प्रथिनाचे काम बंद पाडण्यासाठीच बनवलेली आहेत. हे उलटे वाटेल. पण प्रथिनाचे काम समजले की कोडे सुटते.

आपल्या शरीरातल्या टी-पेशी विषाणूंनी बाधित झालेल्या आणि बिघडलेल्या पेशी हुडकून मारतात. ही ताकद मोकाट सुटली तर निरोगी अवयवांवरच उलटेल. म्हणून टी-पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. त्याला बैलाची वेसण समजा आणि पीडी-एल१ला कासरा ओढणारा हात. पीडी-एल१ हे दुसऱ्या पेशींच्या आवरणात रोवलेले असते. लढाई पेटली की टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे संदेशवाहक प्रथिन सोडतात. त्याच्या प्रभावाने आजूबाजूच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ वाढवतात आणि टी-पेशींचा मारा मंदावतो. गर्भवतीच्या वारेवरही हे प्रथिन भरपूर असते. म्हणजे मुळात ते आपले रक्षकच आहे.

पीडी-१चे जनुक १९९२ मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडले. पुढे त्यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वय वाढेल तसे त्या उंदरांना संधिवात आणि मूत्रपिंडाचा दाह जडत गेला. त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये लीपिंग चेन यांनी आज आपण ज्याला पीडी-एल१ म्हणतो ते प्रथिन शोधले, आणि हेच पीडी-१चे जोडीदार असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले. अनेक कर्करोगपेशी हे प्रथिन अंगावर मिरवून टी-पेशींना रोखून धरतात, हे त्यानंतर लक्षात आले. प्रतिकारशक्तीवरचा असा अटकाव दूर करून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधासाठी होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना २०१८चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भावाच्या रिपोर्टमध्ये पीडी-एल१समोर जी टक्केवारी असते, ती गाठीतल्या किती कर्करोगपेशींवर हे प्रथिन दिसले, याची असते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत ५० टक्के किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर केमोथेरपीशिवाय केवळ पेम्ब्रोलिझुमॅबसारखे औषध देण्याचा पर्याय डॉक्टरांसमोर असतो. मात्र एका आकड्यावर निर्णय होत नाही. ईजीएफआर, एएलके अशा जनुकांतले बदल, आजाराची पायरी आणि रुग्णाची प्रकृती हे सगळे एकत्र पाहावे लागते.

आता कुपीकडे वळू. त्यातले प्रथिन कुणाच्या शरीरातून काढलेले नसते. माणसाची असते ती फक्त ते बनवण्याची कृती, म्हणजे जनुक. पूर्ण पीडी-एल१ हे २९० अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात तयार होते. तिचा एक तुकडा पेशीच्या तेलकट आवरणात रुतलेला असतो. तो पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे गोळे होतात. म्हणून संशोधक पेशीच्या बाहेर डोकावणारा भागच घेतात. साधारण १९व्या अमिनो आम्लापासून २३८व्यापर्यंतचा. पीडी-१शी गाठ पडते ती याच भागाची. त्याच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची छोटी शेपटी किंवा अँटीबॉडीचा ‘एफसी’ नावाचा तुकडा जोडतात. असे जोडकाम केलेले जनुक पेशींत घालून प्रथिन बनवून घेतात, म्हणून ते ‘रिकॉम्बिनंट’.

या कामासाठी बहुधा एचईके२९३ या पेशी वापरतात. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून हा वंश तयार केला. तो त्यांचा २९३वा प्रयोग होता, म्हणून नावात तो आकडा. या पेशी प्रथिन बनवून भोवतालच्या द्रवात सोडतात. तो द्रव निकेल असलेल्या गाळण-स्तंभातून सोडला की हिस्टिडिनची शेपटी निकेलला चिकटते आणि बाकीचा गाळ वाहून जातो. जिवाणूंकडूनही हे प्रथिन करून घेता येते आणि ते स्वस्तही पडते. पण मानवी पेशी त्याच्यावर साखरेच्या ज्या साखळ्या चढवतात, त्या जिवाणू चढवत नाहीत. पीडी-एल१वर अशा साखळ्यांसाठी चार जागा आहेत. शरीरातल्या रूपाच्या जवळचे प्रथिन हवे असेल, तर मानवी पेशीच बऱ्या.

एवढा खटाटोप कशासाठी? नव्या औषधाची पारख करण्यासाठी. एलायझा चाचणीत प्लेटच्या बारीक खळग्यांना हे प्रथिन चिकटवतात आणि त्यावर औषध म्हणून तपासायची अँटीबॉडी टाकतात. ती चिकटली तर शेवटी रंग उमटतो, आणि रंग किती गडद आला यावरून पकड मोजता येते. ॲटेझोलिझुमॅब आणि दुर्व्हालुमॅब ही औषधे पीडी-एल१लाच पकडतात. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-१ला पकडतात. त्यांच्या बाबतीत पीडी-एल१ला पीडी-१पर्यंत पोचू दिले जाते की नाही, हे पाहतात. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत टी-पेशींना उत्तेजित करून सोबत पीडी-एल१ ठेवतात. त्यांची वाढ आणि इंटरफेरॉन-गॅमाचे प्रमाण घटते. मग औषध घालून ते पुन्हा वाढते का, हे तपासतात. कुपीतले प्रथिन अशुद्ध असेल किंवा वारंवार गोठवून-वितळवून खराब झाले असेल, तर ही सारी मोजमापे फसतात. म्हणूनच मुलीच्या प्रयोगशाळेत ते लहान लहान वाट्यांत विभागून उणे तापमानात जपत असतील.

‘फक्त संशोधनासाठी’ ही सूचना म्हणूनच अक्षरशः घ्यायची. शिरेतून द्यायच्या औषधाला निर्जंतुकपणाची, जिवाणूंच्या विषारी अंशांची आणि प्रत्येक खेपेच्या सारखेपणाची जी कसोटी लावतात, तिच्यासाठी ही कुपी तयार केलेली नसते. तिची माणसांवर चाचणी झालेली नसते. आणि समजा ती पूर्ण शुद्ध असली, तरी कर्करोगाशी झुंजणाऱ्या टी-पेशींना रोखणारेच प्रथिन रुग्णाला देण्यात काय हशील?

प्रयोगशाळेतल्या या मोजमापांचा रुग्णाच्या खिशाशीही संबंध आहे. निव्होलुमॅब पीडी-१ला इतके घट्ट धरते, की अगदी कमी मात्रेतही टी-पेशींवरचे बरेचसे पीडी-१ व्यापले जाते, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला काहींना दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. एरवीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभराने हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलेले दिसले. हा अभ्यास वेगळ्या कर्करोगाचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा तुमच्या भावाला लागू करता येणार नाही. पण महागडे औषध सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आणण्याची वाट त्याने दाखवली, हे फार मोलाचे आहे.

भावाच्या कर्करोगतज्ज्ञांना तीन गोष्टी जरूर विचारा : पीडी-एल१ची टक्केवारी किती आहे, जनुकांच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का, आणि इम्युनोथेरपी दिली तर थायरॉईड, आतडी, फुप्फुसे किंवा यकृत यांना सूज येण्याची कोणती लक्षणे घरच्यांनी ओळखायला हवीत. रोखणारा हात सुटला की निरोगी अवयवांनाही त्रास होऊ शकतो, आणि तो लवकर लक्षात आला तर बहुतेक वेळा उपचारांनी आटोक्यात येतो. मुलीला सांगा, तिच्या फ्रीझरमधली कुपी कुणाला थेट बरे करणार नाही; पण ती काळजीपूर्वक वापरली, तरच औषधांची पारख खरी ठरते.