डब्याचा परतीचा प्रवास

मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचा उद्योग १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी आरंभिला. एका डब्यासाठी एक माणूस अंधेरीहून चर्चगेटपर्यंत धाडला, तर त्याची मजुरी जेवणाहूनही महाग पडेल. म्हणून डबेवाले प्रथम घरोघरचे डबे स्थानकावर आणतात. तेथे झाकणावरील रंगीत अक्षरे व आकडे पाहून त्यांची वाटणी होते. एकाच ठिकाणी उतरणारे डबे एका लांबलचक पाटीत बसतात व आगगाडीने जातात. खर्च अनेक घरांत विभागला जातो.

खरी खुबी मात्र पुढेच आहे. दुपारी डबा पोहोचविणाराच तो रिकामा उचलतो आणि डबा आल्या वाटेने माघारी जातो. परतीसाठी निराळी माणसे नकोत, की निराळी गाडी नको. शिवाय, डबा सायंकाळी घरी आला नाही, तर उद्याचे जेवण भरावयाचे कशात?

या साऱ्या साखळीचा कणा म्हणजे आगगाडी. मार्च २०२० मध्ये साथीमुळे लोकल गाड्या थांबल्या, तेव्हा डबेही थांबले आणि पुष्कळ डबेवाल्यांना मावळ, जुन्नरकडील आपली गावे गाठावी लागली.