गरोदरपणातली साखर मुलीच्या वाट्याला येते का?

प्रश्न : माझ्या बाळंतपणाच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली. शेवटचे दोन महिने इन्सुलिन घ्यावं लागलं. मुलगी आता पाच वर्षांची आहे, अंगानं बारीक आहे, खेळते-बागडते. पण 'तिलाही पुढे डायबिटीस होणार' असं घरात सगळे धरून चालले आहेत. सासूबाई म्हणतात, तू तेव्हा आंबे खाल्लेस म्हणून हे झालं. तिच्या अभ्यासावरही परिणाम होईल का? माझ्या जाऊबाईंचं बाळ बीपी वाढल्यामुळे आठव्या महिन्यातच काढावं लागलं, त्याचीही काळजी वाटते. आणि आम्हाला दुसरं मूल हवं आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : होणारच, असं मुळीच नाही. शक्यता वाढते, हे मात्र खरं. ती किती वाढते, याचं बऱ्यापैकी मोजमाप झालेलं आहे. 'हापो' नावाचा मोठा अभ्यास अनेक देशांतल्या गरोदर स्त्रियांवर झाला. त्यांची मुलं १० ते १४ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. ज्यांच्या आयांची साखर गरोदरपणी वाढलेली होती, त्या मुलांपैकी शंभरात दहा-अकरा जणांची ग्लुकोज पचवण्याची ताकद कमी झालेली आढळली. इतर मुलांत हे प्रमाण शंभरात पाच होतं. म्हणजे धोका दुप्पट झाला, पण जवळपास नव्वद मुलांना या तपासणीत तो दोष नव्हता. शिवाय त्या अभ्यासातल्या या आयांना तेव्हा साखरेवरचे उपचार मिळालेले नव्हते. तुम्ही इन्सुलिन घेतलं होतं.

हे घडतं कसं, ते कोपनहेगनचे डॉक्टर योर्गेन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलं. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागतं. इन्सुलिन वाढीला चालना देतं, म्हणून बाळ मोठं होतं, अंगावर चरबी धरतं. जन्मानंतर नाळ तुटते, साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन काही तास जास्तच राहतं आणि त्याची साखर घसरू शकते. म्हणून अशा बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन साखर पुन्हा पुन्हा तपासतात.

इथे कुणीही विचारील की डायबिटीस घराण्यातच असेल, तर मुलीला तो रक्तातूनच येणार, गर्भाशयाचा संबंध काय? या शंकेचं फार सुंदर उत्तर ॲरिझोनातल्या पिमा समाजाच्या अभ्यासातून मिळालं. या लोकांमध्ये डायबिटीस फार आहे आणि १९६५पासून पिढ्यान्‌पिढ्या त्यांची तपासणी झाली आहे. संशोधकांनी एकाच आईची मुलं निवडली, काही आईला डायबिटीस होण्याआधी जन्मलेली आणि काही नंतरची. आई तीच, घराणंही तेच. तरी नंतर जन्मलेल्या भावंडांना डायबिटीस होण्याची शक्यता सुमारे पावणेचार पट निघाली. मग हीच तुलना वडिलांच्या बाबतीत केली, तर वडिलांच्या निदानाआधी आणि नंतर जन्मलेल्या भावंडांत असा फरक दिसला नाही. २००० साली हे प्रसिद्ध झालं. आनुवंशिकता तर असतेच, पण पोटातल्या त्या नऊ महिन्यांचा स्वतःचा वाटाही असतो, हे यातून कळलं.

यावरून कुणी आईला दोष देऊ लागलं, तर त्याला हा विषय समजलेलाच नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून असे हार्मोन्स सुटतात की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. बाळाला भरपूर अन्न मिळावं, यासाठी ही सोय असते. बहुतेक स्त्रियांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून ती तूट भरून काढतं. काहींचं तेवढं पुरं पडत नाही. ते आंब्यांमुळे होत नाही. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, शक्य असेल तर पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात सोबत न्या. घरातल्या बाईच्या माथी वर्षानुवर्षं चिकटवलेला असा आरोप तिच्या तब्येतीला साखरेइतकाच घातक असतो, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या पत्रातलं 'बारीक आहे' हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं, कारण आपल्याकडे सगळे तिथेच निर्धास्त होतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं साडेतीन किलो. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. वरून हडकुळं, आतून चरबीदार. हीच बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्म्या जणांचं वजन उंचीच्या मानानं कमी होतं, तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या साखरेत बिघाड निघाला. मोटारींचा नि पिझ्झाचा शहरी संसार नव्हे, ही खेड्यातली मुलं होती. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१ टक्के.

म्हणून मुलीला काट्यावर उभं करून समाधान मानू नका. वर्षातून दोनदा वजनाबरोबर उंची मोजा आणि बालरोगतज्ज्ञांकडून वाढीच्या तक्त्यावर नोंदवून घ्या. वजनाची रेघ उंचीच्या रेघेपेक्षा भराभर वर चढू लागली, तर तेव्हाच लक्ष द्यायचं. मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसू लागला तर तो मळ समजून घासत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. आज पाचव्या वर्षी रक्त तपासायची गरज नाही. वजन वाढलं, तर दहाव्या वर्षाच्या सुमारास किंवा वयात येताना तपासणी करावी. बारीक राहिली, तरी तेव्हा डॉक्टरांना एकदा विचारा. आणि कुणाही नव्या डॉक्टरांकडे गेलात की तुमच्या गरोदरपणाची फाइल सोबत न्या. माळ्यावर टाकलेली ती फाइल मुलीच्याही आरोग्याची नोंद आहे.

उपचारांबद्दल एक खरी गोष्ट सांगायला हवी. गरोदरपणातली साखर आटोक्यात ठेवली की जन्माच्या वेळचे धोके नक्की कमी होतात. ऑस्ट्रेलियातल्या २००५च्या चाचणीत बाळांना होणारे गंभीर त्रास ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. पण तीच मुलं चार-पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या वजनात उपचार न मिळालेल्या गटापेक्षा फरक दिसला नाही. म्हणून बालपणाची वर्षं मोलाची. रोजचं धावणं-खेळणं, वेळेवर झोप, ताटात डाळ-उसळ, पालेभाजी, अंडं किंवा दूध. दुधात चॉकलेटची पावडर आणि संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा ही सवय मात्र मोडा, आणि ती सगळ्या घरानं मिळून मोडा. एकट्या मुलीच्या ताटावर पहारा बसवलात तर ती अन्नालाच घाबरेल.

अभ्यासाची भीती मनातून काढून टाका. म्हैसूरमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या आकलनशक्तीच्या चाचण्या झाल्या, तेव्हा गरोदरपणी साखर वाढलेल्या आयांची मुलं मागे नव्हती, काही चाचण्यांत उलट थोडी पुढेच होती. ती मुलं जेमतेम तीस-बत्तीस होती, तेव्हा त्यावरून फुशारकी मारू नये, पण घाबरण्याचंही कारण दिसत नाही.

जाऊबाईंच्या बाळाचं गणित निराळं आहे. बीपीमुळे लवकर जन्मलेल्या बाळाचा रक्तदाब पुढे सरासरी दोन-अडीच अंकांनी जास्त असतो. तिसऱ्या वर्षापासून तो वर्षातून एकदा मोजावा. वाढीचे टप्पे पाहताना बाळाचं वय जन्मतारखेपासून नव्हे, ठरलेल्या तारखेपासून धरायचं, म्हणजे बसायला-चालायला उशीर झाल्याचा उगीच धसका बसत नाही. ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा दोन किलोपेक्षा कमी वजन असेल, तर महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच लागतो. ती तपासणी राहिली असेल, तर उद्याच नेत्रतज्ज्ञांना गाठा. ऐकण्याची चाचणीही करा. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते ८९ दरम्यान जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा ती अठरा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. त्यांची बुद्धी बरोबरीच्या मुलांपेक्षा सरासरीनं थोडी कमी भरली, पण सर्वसाधारण कक्षेतच राहिली. ज्यांचा जन्म लवकर झाला होता आणि वाढही पोटातच खुंटली होती, ती सर्वांत मागे होती. शंका वाटली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही सोय आहे आणि तो कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच.

आता दुसऱ्या बाळाविषयी. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तुमची स्वतःची साखर तपासली होती का? बहुतेकींची ती राहून जाते. ज्यांना गरोदरपणी साखर होते, त्यांना पुढे कायमचा डायबिटीस होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सात पट असतो. बाळाचं हृदय, मणका हे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात, तेव्हा साखर चढलेली असेल तर त्यांत दोष राहू शकतो. तुमच्या पहिल्या वेळी ती सातव्या महिन्यात वाढली, त्यामुळे ही भीती नव्हती. पुढच्या वेळी ती आधीपासूनच वाढलेली असू शकते. म्हणून दिवस राहण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासा, फॉलिक ॲसिड सुरू करा, शाकाहारी असाल तर बी-१२ही पाहून घ्या. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासायची. ती १४० किंवा जास्त आली तर लगेच उपचार, नाहीतर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तीच तपासणी. सरकारी आरोग्य केंद्रात ती होते आणि त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.