चहा आणि दृष्टिपटल

चहाला ‘अमृततुल्य’ ही पदवी बहाल करून आपण केव्हाच मोकळे झालो आहोत. तेव्हा ‘चहाने डोळे वाचतात’ असे कोणी म्हटले, तर ते चटकन खरे वाटण्याचाच संभव अधिक. म्हणून या विषयाची थोडी छाननी करणे इष्ट ठरेल.

डोळ्याच्या आत, मागील बाजूस, दृष्टिपटल हा पातळ पडदा असतो. त्यावर उमटलेल्या प्रतिमेचे संदेश गुच्छिका पेशी मेंदूकडे पोचवितात. एका डोळ्यात अशा पेशी सुमारे १० ते १२ लाख. डोळ्याला जबर मार बसला, किंवा आतील दाब वाढून रक्तपुरवठा तुटला, तर त्या मरू लागतात. आणि मेलेल्या पेशीची जागा नवी पेशी घेत नाही. मात्र सर्व पेशी एकाच क्षणी मरत नाहीत, हा ऱ्हास कित्येक दिवस चालतो. चमत्कारिक गोष्ट अशी की, रक्त पुन्हा वाहू लागल्यावरही नवे नुकसान होते. परत आलेल्या प्राणवायूपासून मुक्त मूलके तयार होतात व ती पेशींच्या आवरणांवरच हल्ला चढवितात. पेशी वाचविण्याची आशा आहे ती या मधल्या अवधीत.

येथे चहा येतो. हिरव्या चहातून कॅटेचिन हे द्रव्य जपानच्या मिचियो त्सुजिमुरा या विदुषीने १९२९ साली वेगळे केले. (आम्हा कला शाखेच्या मंडळींना शब्दाची कुळकथा अधिक प्रिय! कॅटेचिन हे नाव ‘कॅटेचू’वरून, म्हणजे आपल्या विड्यातील खैराच्या कातावरून आले आहे.) ही द्रव्ये मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. पण पोटात गेलेली वस्तू डोळ्यापर्यंत पोचते काय? हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांना हिरव्या चहाचा अर्क पाजून दाखविले की, पोचते. दृष्टिपटलात गॅलोकॅटेचिन सर्वांत जास्त सापडले आणि संरक्षक परिणाम २० तासांपर्यंत टिकला.

त्याआधी २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑस्बोर्न प्रभृतींनी उंदरांच्या एका डोळ्यातील दाब वाढवून रक्तपुरवठा थांबविला होता. निम्म्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात ईजीसीजी हे प्रमुख कॅटेचिन मिसळलेले होते. त्यांच्या दृष्टिपटलाचा विद्युत्-प्रतिसाद इतरांइतका खालावला नाही. निष्कर्ष आशादायक खरा. परंतु ते पाणी इजेच्या तीन दिवस आधीपासून दिले जात होते, ही बाब नजरेआड करू नये. चेंडू डोळ्यावर बसणार हे तीन दिवस आधी कोणास कळते?

शिवाय आपला चहा काळा. पाने आंबविताना कॅटेचिनांचा बराच भाग थिआफ्लेविन, थिआरुबिजिन अशा दुसऱ्या द्रव्यांत बदलतो. वर दुधातील केसीन उरलेल्यांना बिलगते. काचबिंदूच्या रुग्णाने डॉक्टरांचे थेंब सोडून पेल्यावर भिस्त ठेवणे तर घातकच होय. चहातील कॅफिनमुळे अशा रुग्णांच्या डोळ्यातील दाब काही काळ किंचित वाढतो, असे आढळले आहे.